माफीचा सीन

दोघा सुतार भावांचा कारखाना एकच, पण दोन वर्षं त्यांच्यात अबोला होता. का, तर एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार लागेना आणि माप कुणाचं चुकलं ते ठरेना. आता तर कारखान्याच्या मधोमध भिंत घालायचं चाललं होतं. थोरल्याच्या मुलीचा जीव कासावीस झाला. ती काकाच्या भुशात खेळून वाढली होती, भिंतीपलीकडचा काका तिला नको होता.

ती सिनेमाचं शिक्षण घेत होती. भांडण मिटवायला गोष्टीसारखं औषध नाही, असं सर वर्गात म्हणाले आणि तिनं ते भलतंच मनावर घेतलं. तिनं दोन भावांची गोष्ट लिहिली. बाबांनी काका व्हायचं, काकानं बाबा. दुसऱ्याच्या जागी उभं राहिलं की माणूस विरघळतो, असा तिचा हिशेब. एकमेकांसमोर यायला दोघं तयार नव्हते, म्हणून एकाचं चित्रीकरण सकाळी, दुसऱ्याचं संध्याकाळी.

माफीच्या सीनला तिचा आनंद गगनात मावेना. बाबांनी काका होऊन हात जोडले, नाक ओढलं, वर "दादा, मी मूर्ख आहे" हे पदरचं घातलं. संध्याकाळी काकानं बाबा होऊन चक्क लोटांगण घातलं. समोरच्याच्या नावानं माफी मागायला कुणाचं काय जातं? पण हे त्या बिचारीच्या लक्षातच आलं नाही.

कारखान्यातच सिनेमा दाखवला. दोघं दोन टोकांना बसले होते. संपताच दोघंही ताडकन उठले. आधी "सांग तुझ्या काकाला", "सांग तुझ्या बापाला" असं तिच्यामार्फत चाललं. मग तेवढाही धीर राहिला नाही.

"मी असा मुळूमुळू रडेन?" काका थेट थोरल्यावर घसरला. "मला माफी मागायची असती तर सरळ मागितली असती. दादा, माप माझं चुकलं. बास."

आपण काय बोलून बसलो, ते काकाला जरा उशिरानं कळलं.

"हिला बाहेर जायला सांग," थोरला भावाला म्हणाला.

मुलगी दाराआड जाऊन उभी राहिली. आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग बाबांचा आवाज, अगदी बारीक.

"मीही तपासलं नव्हतं रे. चुकलंच माझं."

"परत एकदा घेऊ," काका म्हणाला. "जरा मोठ्यानं."

आणि बाबांनी, कुरकुर न करता, परत घेतलं.