प्रभाग सातची कपबशी

“या गावात सिद्धलिंगाचं नाव झाकणारा अजून जन्माला यायचाय!”

सिद्धलिंगअप्पांनी हे वाक्य सोमवारी सकाळी साडेनऊला, आपल्याच हॉटेलात, टेबलावर हात आपटून उच्चारलं. दहा वाजता नगरपंचायतीची दोन माणसं शिडी घेऊन आली आणि दारावरच्या ‘सिद्धलिंग टी हाऊस’ या पाटीवर खताच्या रिकाम्या गोण्या बांधून गेली. निवडणुकीची आचारसंहिता होती. अर्ज भरलेल्या माणसाचं नाव असं रस्त्यावर झळकलेलं चालत नाही.

“जन्मला वाटतं,” आतून अप्पांच्या पत्नी नीलम्माकाकू म्हणाल्या.

अप्पांचं हॉटेल नळदुर्गच्या रस्त्याला लागून. पुढं भट्टी आणि चार बाकडी, मागं घर, मधे एकच भिंत आणि त्या भिंतीत एक दार. हॉटेलासमोर रस्त्याकडेला उघडी नाली. या नालीवर फरशी टाका म्हणून अप्पांनी अकरा वर्षांत तीन नगराध्यक्षांना चहा पाजला. तिघंही “करू की” म्हणाले, आणि जाताना तिघांचाही पाय नालीत गेला. फरशी काही आली नाही. तेव्हा अप्पांनी ठरवलं, आता आपणच निवडून यायचं.

अडचण एकच होती. नव्या प्रभागरचनेच्या मसुद्यात अप्पांची सगळी जागा सहा नंबरात टाकलेली, आणि सहा नंबर बायकांना राखीव निघणार अशी गावात कुणकुण.

“मग मी उभी राहते की,” काकू म्हणाल्या.

अप्पा पोटभर हसले आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसले. उभं कुठल्याही प्रभागात राहता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण परक्या प्रभागात मतं मागायची म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात जाऊन वाढप्याला हाका मारण्यासारखं! म्हणून त्यांनी चार पानं खर्ची घालून मागणी केली : ‘माझे हॉटेल प्रभाग सातमध्ये घ्यावे.’

“अवं, घराचं बी लिवा की त्यात,” काकू म्हणाल्या.

“हॉटेल म्हणलं की घर आलंच! मला आजवर कुणी इचारलंय का, अप्पा घरी हायत का म्हणून? सगळे इचारतात, हॉटेलात हायत का!”

हे मात्र खरं होतं. अप्पांच्या घरच्या लग्नपत्रिकासुद्धा हॉटेलच्या पत्त्यावर यायच्या.

सुनावणीत हरकत चक्क मान्य झाली. अंतिम रचनेत प्रभाग सातची हद्द छापून आली : ‘सिद्धलिंग टी हाऊसच्या मागील भिंतीपर्यंत.’ अप्पांनी तो कागद फ्रेम करून भट्टीच्या वर टांगला. सरकार आपल्या भिंतीपासून गाव मोजतंय, म्हणजे काय गंमत आहे का!

चिन्हवाटपात अपक्ष सिद्धलिंगअप्पांना कपबशी मिळाली. समोर उभा होता बी-बियाण्यांचा दुकानदार राजशेखर. त्याला मिळाला ग्लास.

चौथ्या दिवशी कृष्णराज साहेब आले. एरवी शाळेत भूमिती शिकवायचे, निवडणुकीपुरते आचारसंहिता पथकाचे प्रमुख.

“मतदारांना तुम्ही तुमचं चिन्ह हातात देता, अशी तक्रार आहे.”

“चहा देतो साहेब. सत्तावीस वर्षं झाली.”

“कशात?”

“कपबशीत.”

साहेबांनी वहीत ‘कबूल’ असं लिहिलं. “प्रचारसाहित्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव लागतं. कपबशीवर कुठं आहे?”

“लिवून देते की,” काकू म्हणाल्या, “पण विसळल्यावर जाईल ते.”

साहेबांनी यावर बराच विचार केला. दोन कप पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “सध्या वापरा. पण मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत चिन्ह दिसता कामा नये.”

प्रभाग सातचं केंद्र समोरच्या शाळेत होतं. हॉटेलापासून चाळीस पावलं.

मतदानाच्या सकाळी सगळ्या कपबशा गोणीत बांधून माळ्यावर गेल्या. अप्पांनी कागदी कप काढले. साहेबांनी एक उचलून उन्हात धरला.

“हा कप आहे.”

“पण बशी कुठाय?”

“म्हणजे अर्धं चिन्ह. अर्धंही चिन्हच.”

भूमितीच्या मास्तरांशी अर्ध्यावरून कोण वाद घालणार? काकूंनी आतून काचेचे ग्लास आणून दिले. थंडी होती, रांग मोठी होती, चहा तुफान खपला. माणसं ग्लास रिकामा करायची, मिशा पुसायची आणि सरळ मतदानाला जायची. अप्पा खूश होते. अकराच्या सुमाराला राजशेखर स्वतः आला, चहा घेतला आणि ग्लास उंच धरून म्हणाला, “अप्पा, तुमचे उपकार जलमभर इसरनार न्हाय!”

अप्पांनी त्या ग्लासाकडं बघितलं. मग बाकड्यांवर रांगेनं ठेवलेल्या ग्लासांकडं बघितलं. मग धोतर सावरत ते साहेबांकडं पळाले.

“साहेब, ग्लास बी चिन्हच हाय!”

“बरोबर. लेखी तक्रार द्या.”

“कुणाच्या नावानं?”

“ग्लास कोण वाटतंय?”

अप्पांनी परत येऊन भट्टी विझवली आणि घरातली सात मतं गोळा केली : आपण दोघं, दोन मुलगे, दोन सुना आणि नव्वदीतली आई. आईला खुर्चीवर बसवून वाजतगाजत शाळेत नेलं. आतल्या माणसानं यादी दोनदा चाळली.

“तुमची नावं इथं नाहीत. ती सहा नंबरात आहेत. जनावरांच्या दवाखान्यात केंद्र आहे.”

“आसं कसं? हद्द आमच्या भिंतीपतुर हाय!”

“भिंतीपर्यंतच आहे. हॉटेल सातात. तुम्ही झोपता भिंतीच्या पलीकडं.”

“आवं, महिनाभर यादी घेऊन हिंडत हुतात की तुम्ही!” धाकटी सून शिवलीला म्हणाली.

“मी लोकांची नावं बघत हुतो,” अप्पा पुटपुटले.

खुर्ची उचलून वरात जनावरांच्या दवाखान्याकडं वळली. “मी उभी राहिले असते,” वाटेत काकू म्हणाल्या, “तर आज ही सात मतं कामाला आली असती.” या वेळी अप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. अप्पा पाच मतांनी पडले.

आचारसंहिता उठली. दुपारी तीच दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी पाटीवरच्या गोण्या सोडल्या. त्याच सुमाराला काकूंनी भट्टीवरच्या फ्रेमवर टेबल पुसायचं फडकं वाळत घातलं. अप्पांनी ते बघितलं आणि काढलं नाही.

तेवढ्यात हलगी वाजवत मिरवणूक आली. गुलालानं माखलेला राजशेखर अप्पांच्या पाया पडायला म्हणून पुढं झाला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत नालीत गेला.

“करू की,” पाय झटकत तो म्हणाला, “हे आधी करू.”

अप्पांनी भट्टी पेटवली. कपबशा अजून माळ्यावरच होत्या. त्यांनी काठोकाठ भरलेला ग्लास नव्या नगरसेवकासमोर ठेवला. राजशेखरनं तो उचलला, पटकन खाली ठेवला आणि बोटांवर फुंकर मारली.

“अप्पा, एक इनंती हाय.”

“बोला, नगरसेवक.”

“कपबशीत द्या की. ग्लासाचा लई चटका बसतोय.”