मुहूर्ताच्या राशीवर तूरवीर

"सर, दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी झाला, तर तुम्ही टेबलावर उभं राहून टाळ्या वाजवाल का?"

प्रार्थना नुकतीच संपली होती. उदगीरच्या त्या शाळेच्या मैदानावर नऊशे पोरं-पोरी रांगेत उभी होती, आणि दहावी 'ब'च्या रांगेतून मंजुश्रीनं थेट मुख्याध्यापकांना हा सवाल टाकला होता! सवाल तिचा नव्हता. पुनम आणि आरती या तिच्या जिवलग मैत्रिणींनी आदल्या दिवशी तिला डिवचलं होतं, की विचारून दाखव, न्हाई तर तू घाबरट. आठवीपर्यंत ही पोरगी हजेरीला 'हजर' म्हणायचं कामसुद्धा शेजारणीवर ढकलायची. पण नववीत तिनं तूरवीर केला, आणि तेव्हापासून तिचा आवाज असा काही फुटला होता की आता तो शाळेत मावत नव्हता.

तूरवीर म्हणजे बोटभर उंचीचा महावीर. आत चिंध्या, वरून दोऱ्यात ओवून गुंडाळलेले तुरीचे दाणे, पाठीवर लाल रिबिनीचा शेला. त्याला आईच्या परातीत केसभर हलवायचं, मोबाइलनं फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं. असे बारा फोटो पळवले की पडद्यावर एक सेकंद होतो. सोंड्या नावाच्या दुष्ट किड्याला हाणून गावाची तूर वाचवणारा हा तीन मिनिटांचा चित्रपट लातूरच्या स्पर्धेत पहिला आला. नांदेडच्या मावशीनं तो अख्ख्या कॉलनीला दाखवला. आणि मंजुश्रीचे वडील, म्हणजे मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, अडत दुकानदार अमरनाथअप्पा, ते तर दुकानात आलेल्या माणसाला आधी चित्रपट दाखवायचे आणि मग तुरीचं बोलायचे.

त्यामुळं दुसऱ्या भागाची पंचाईत झाली होती. जो तो म्हणायचा, पहिल्याची सर दुसऱ्याला येत नसती.

मुख्याध्यापक सिद्धराम सर चष्म्यावरून तिच्याकडं बघत शांतपणे म्हणाले, "वाजवीन. आणि नाही झाला भारी, तर गॅदरिंगचं आभारप्रदर्शन तू करायचं. एकही नाव न वगळता."

रांगेतून 'अरे देवा!' असा आवाज आला. आभारप्रदर्शन! सगळे चपला शोधत असतात तेव्हा मंडपवाल्यापासून वीज मंडळापर्यंत सगळ्यांची नावं घेत एकटंच उभं राहायचं. त्यापेक्षा छड्या बऱ्या.

पण खरी पैज घरी लागली होती. दहावी झाली की लातूरला वसतिगृहात ठेवायचं, दोन वर्षं डॉक्टरकीच्या क्लासला घालायचं, हे अप्पांनी ती पाचवीत असल्यापासून ठरवलं होतं. मंजुश्रीला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं. दोन महिने घरात धुसफूस चालली. शेवटी अप्पा म्हणाले होते, दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी झाला तर तू म्हणशील तसं, न्हाई झाला तर मी म्हणतो तसं. व्यापाऱ्याचा शब्द हाय.

आता सांगा, एवढं सगळं त्या बोटभर वीराच्या खांद्यावर!

मंजुश्रीनं बेत मात्र जंगी आखला. वहीत पन्नास पानं चित्रं काढली. निम्मा चित्रपट घरीच झाला. राहिला शेवटचा प्रसंग: धगधगत्या डोंगरावर तूरवीर आणि सोंड्याची झुंज. डोंगर परातीत कसा मावणार? त्याला खरोखरचा डोंगर पाहिजे, तोही तुरीचा. आणि तुरीचे डोंगर तर घराच्या पुढच्याच अंगाला, अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर होत होते.

गॅदरिंगला दोन दिवस उरले असताना ती सकाळी सातलाच ओट्यावर गेली. अप्पांना अर्थातच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना चकित करायचं होतं. तिथं मलप्पा झाडून घेत होता. मलप्पा हा दुकानाचा सर्वांत जुना हमाल. तिला त्यानं खांद्यावर बसवून मोंढाभर फिरवलेलं होतं.

"मामा, एक कट्टा तूर हितं मधोमध ओतून द्या की."

मलप्पानं मान डोलावली, एक शब्दही न विचारता पोतं ओतलं, वर हात फिरवून राशीला नीट टोक काढून दिलं. मंजुश्रीला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण ती कामात बुडाली. धगधगता डोंगर म्हणून राशीभोवती हळदीचं पिवळं आणि कुंकवाचं लाल कडं काढलं. ज्वाळा म्हणून झेंडूची फुलं खोचली. टोकावर तूरवीर उभा केला; सोंड्या शेवटी येणार म्हणून खिशातच ठेवला. मोबाइल वरच्या आडूला, म्हणजे छताच्या तुळईला, सुतळीनं बांधला आणि दर पाच सेकंदाला आपोआप फोटो निघेल असं लावून दिलं. दोन तास ती वीराला केसभर केसभर सरकवत राहिली. पाठीचा पार काटा ढिला झाला.

नऊ वाजता मागून अव्वाची, म्हणजे आईची, हाक आली. शिवकांताबाईंची पहिली हाक मायेची असते आणि दुसरी नसते. शिवाय मुरमुऱ्याच्या सुशीलाला दिलेल्या फोडणीचा वास ओट्यापर्यंत आला होता. मंजुश्री उठली. मोबाइल बंद करायचा राहिला.

दोन बशा सुशीला खाल्ला, वर चहा घेतला, अव्वाला सगळी गोष्ट सोंड्याच्या आवाजासकट ऐकवली. दहाला परत येऊन बघते तर ओट्यावर जत्रा!

झालं होतं असं. त्या दिवशी नव्या तुरीचा मुहूर्त होता. मोंढ्यात हंगामाची पहिली रास हळद-कुंकू वाहून, फुलं घालून पूजतात, नारळ फोडतात आणि मग तिचाच सौदा पहिला होतो. मालकाची लेक सकाळी सातला येऊन रास ओतायला सांगते, हळद-कुंकवाचं कडं काढते, वर इवलासा देव बसवते, तेव्हा मलप्पानं दुसरं काय समजावं? आणि अप्पांनी येऊन सजलेली रास बघितली, तेव्हा त्यांना वाटलं मलप्पानंच यंदा हौस केली. दोघांनीही एकमेकांना विचारलं न्हाई. मराठवाड्यात चांगल्या कामाबद्दल कुणी कुणाला विचारत बसत न्हाई, लगेच नारळ फोडतात.

मंजुश्री गर्दीच्या मागं उड्या मारत होती. "अप्पा, ती रास न्हाई, डोंगर हाय!" पण सौद्याच्या गलक्यात तिचा तो नवा फुटलेला आवाज कुणाच्या बापाला ऐकू जाणार? तिच्या स्वतःच्या बापालाही ऐकू गेला न्हाई. खरेदीदार मुठीनं डोंगर उकरत होते, दाणे चावून बघत होते, थुंकत होते. जुन्या वळणाचे भुजंगराव तर रुमालाखाली अप्पांची बोटं दाबून गुपचूप भाव ठरवायला लागले. त्यांनी मुहूर्ताची रास मानानं घेतली, आणि मलप्पानं घमेल्यानं डोंगर भरायला घेतला. बघता बघता डोंगर कट्ट्यात गेला!

ओट्यावर कोणी उरलं न्हाई तेव्हा मंजुश्री तिथंच फतकल मारून रडली. आडूवरचा मोबाइल मात्र तिचेही फोटो काढत होता.

"अक्का, काय झालं गं?" मलप्पा जवळ आला. तिनं हुंदके देत सगळं सांगितलं. तो हबकलाच.

"मला वाटलं देव हाय. पडला की उभा करत राहिलो मी त्याला."

तिनं मोबाइल सोडला आणि घरी जाऊन पुसून टाकण्याआधी एकदा चालवून बघितला.

आणि ती बघतच राहिली.

आभाळातून राक्षसाएवढाले हात खाली येत होते. डोंगर खचत होता. तूरवीर कोलमडायचा, आणि पुढच्याच क्षणी उभा! पुन्हा घसरायचा, पुन्हा उभा. एकदा, तीनदा, सातदा. मधेच त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं उमटली, आणि राक्षस हात जोडून त्याच्यापुढं वाकले. रुमालाखाली काहीतरी भयंकर कट शिजला. नारळ असा फुटला की पडदाभर पाणी! शेवटी डोंगर नाहीसा झाला, आणि मोकळ्या फरशीवर मूठभर तुरीवर तूरवीर एकटा ताठ उभा राहिला. ती मूठ मलप्पानं ठेवली होती. रास सगळी उचलायची नसती, चिमण्यांसाठी मूठभर ठेवायची असती, असं तो म्हणायचा. नव्वद सेकंद! पन्नास पानांच्या वहीतलं यातलं काहीच नव्हतं.

गॅदरिंगला दुसरा भाग संपला, आणि मागच्या बाकांवरून जो गजर उठला! सिद्धराम सरांनी दोन शिपायांना टेबल धरायला सांगितलं, धोतराचा सोगा सावरला आणि खरोखर वर चढले. टेबल कण्हलं, पण सर वाजवत राहिले.

"पडून पडून उठणं! हे सुचलं कसं या पोरीला?"

माइक तिच्या हातात आला. पुढच्या रांगेत अप्पा डोळे पुसत होते. म्हणजे लातूर रद्द! फक्त गोड हसायचं आणि खाली उतरायचं, एवढंच काम उरलं होतं. मंजुश्रीनं तोंड उघडलं आणि मंडपाच्या दाराशी तिला मलप्पा दिसला. इस्त्रीचा सदरा घालून, पायताण हातात घेऊन उभा.

"सर, मला सुचलं न्हाई," ती म्हणाली. "त्या वेळेला मी घरी सुशीला खात होते. तूरवीराला मलप्पामामांनी उभं केलं."

आणि मग पैज जिंकलेल्या मंजुश्रीनं आपण होऊन आभारप्रदर्शन सुरू केलं! मलप्पामामा, नारळ फोडणारे अप्पा, रुमालवाले भुजंगराव, दाणे चावून थुंकलेले सगळे खरेदीदार, सुतळी, आडू, हाक मारणारी अव्वा. पंधरा मिनिटं. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच आभारप्रदर्शनाला कुणी चपला शोधल्या न्हाईत. मलप्पा दाराआड तोंड लपवून हसत होता, आणि पोरं त्याला पुढं ढकलत होती.

घरी जेवताना मात्र मंजुश्रीनं ताट बाजूला सारलं. भर मंडपात स्वतःच कबूल केलं होतं, की भारी भाग आपण केलेला न्हाई. अप्पांनी वरण-भात कालवला.

"पैज काय होती?" ते म्हणाले. "दुसरा भाग भारी व्हायला पाहिजे. तो झाला. कुणी करायचा, हे बोलण्यात नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. सांग, काय ठरवलंस?"

अव्वानं वाढायचं पळीवाढं हातातच धरलं. मंजुश्री ताठ बसली, अगदी मूठभर तुरीवर उभी असल्यासारखी.

"अप्पा, मी चित्रकलेलाच जाणार. पण आधी सुट्टीभर रोज सकाळी सातला मलप्पामामांच्या हाताखाली ओट्यावर शिकणार. आणि अव्वा, एक पक्कं ठरलं. मी कुठंबी कॅमेरा लावून बसले ना, की तू मला लगेच नाष्ट्याला हाक मारायची."