भालेराव काकांची तिसरी वायर

भालेराव काका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला हात लावतात. तोही उलटा. माणसांना नमस्कार नंतर. उलटा अशासाठी, की फ्रिजमध्ये करंट उतरलेला असला आणि आपण हँडल मुठीत धरलं, तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. फ्रिज ठीक निघेपर्यंत त्यांच्या रबरी चपला पायातच असतात, आणि मंगलकाकू मागे उभ्या राहून यजमानांची माफी मागत असतात.

मानपाड्याला आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. इथल्याच एका कंपनीत वायरमन होते, आता रिटायर झालेत. कंपनी सुटली, तपासणी सुटली नाही. मी राहायला आले त्याच आठवड्यात ते "सहज" म्हणून आले आणि थेट बाथरूमकडे गेले. मी गिझर एका बारक्या एक्स्टेन्शनवर लावलेला. त्यांनी वायरीला बोट लावलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, ही वायर मोबाइल चार्ज करायची. तुम्ही हिच्यावर अंघोळीचं पाणी तापवताय." एक्स्टेन्शन ते घेऊन गेले ते आजतागायत परत आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मेन बंद करून त्यांनी गिझरसाठी जाड वायर ओढून दिली आणि मोठ्या पिनांचा प्लग बसवला. माझं एक्स्टेन्शन त्यांच्या घरी श्रीखंडाच्या एका मोठ्या डब्यात आहे. त्यात सोसायटीभरातून जप्त केलेले वितळलेले प्लग आहेत, चिकटपट्टीचे जोड आहेत आणि सॉकेटात उघडी वायर अडकवायला लोक वापरतात त्या काडेपेटीच्या काड्याही आहेत. प्रत्येकाला फ्लॅट नंबरची चिठ्ठी.

त्यांचा जीव तिसऱ्या वायरीवर. म्हणजे अर्थिंगवर. दोन वायरी वीज आणतात-नेतात, तिसरी, हिरवी, नुसती जमिनीत जाते. उपकरणात करंट उतरला तर तो माणसातून न जाता तिच्यातून जातो. लोक नेमकी तीच गाळतात, कारण तिच्यावाचूनही पंखा फिरतो, दिवा लागतो. काका तिला लाडाने नुसतं "तिसरी" म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी बायकोच्या देखत विचारलं, "तुमची तिसरी आहे ना नीट?" त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं म्हणतात.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण मग त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरवायची वेळ आली.

टेंभी नाक्याचं पहिलं स्थळ काकांनी जिन्यातच मोडलं. मुलगा चांगला होता, मीटरबॉक्स चांगला नव्हता. दुसऱ्या घरी नळाच्या बरोबर वर सॉकेट निघालं. काकूंनी आठवडाभर अबोला धरला. प्रज्ञा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, शांत मुलगी. तिसऱ्या स्थळाच्या वेळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, निखिलला मी दोन वर्षं ओळखते. पप्पांना अजून सांगितलेलं नाही. तू आमच्याबरोबर चल आणि त्यांना बोर्डापासून लांब बसव."

निखिल पगारेचं घर शहाडला. जुनी बैठी वस्ती, पुढे छोटं अंगण, आत तीन खोल्या. मी काकांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. पोहे आले. निखिलचे वडील बोलके होते, काकाही मान डोलावत होते. फ्रिज आतल्या खोलीत होता, त्यामुळे मी निर्धास्त झालेले. तेवढ्यात काकांनी मोबाइल चार्जिंगला लावू का म्हणून विचारलं आणि उठले. खिशातून निघाला तो चार्जर नव्हता. तीन दिव्यांचा एक छोटा प्लग होता. त्यात दोन दिवे लागले तर वायरिंग ठीक. एकच लागला.

"तिसरी नाही," काका म्हणाले.

प्रज्ञाने मान खाली घातली. काकूंनी डोळे मिटले.

पगाऱ्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. हे वायरिंग त्यांनी उमेदीच्या दिवसांत स्वतःच्या हाताने केलं होतं, हे आम्हाला त्याच वेळी समजलं. ते म्हणाले की या घरात त्यांनी संसार केला, मुलं वाढवली, आजपर्यंत कुणाला शॉक बसलेला नाही. पोरगी द्यायची नसेल तर तसं सांगावं, घराला नावं ठेवू नयेत. काकाही हट्टाला पेटले. पोहे तसेच राहिले. मी काकांचा सदरा मागून ओढत होते.

तेव्हा निखिलची आई दारात आली. तोवर ती बाई एक शब्दही बोलली नव्हती.

"मला बसतो ना," ती म्हणाली. "वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मिक्सरलापण. मला वाटायचं, माझंच अंग तसलं आहे."

पगारे बायकोकडे वळले. तू कधी बोलली नाहीस, असं ते कसंबसं म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

काका तिला हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं अंग बरोबर आहे. घर चुकलंय. आजपासून मशीनचं बटण बंद ठेवा, मी येतो."

लग्न ठरलं हे कुणी मोठ्याने म्हटलंच नाही. पुढच्या रविवारी काका पिशवी घेऊन शहाडला गेले, ते पाच रविवार गेले. तिसरीसाठी अंगणात खड्डा पगाऱ्यांनी स्वतः खणला, छातीएवढा खोल. त्यात पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ भरलं. मग दोघांनी मिळून जुन्या वायरी ओढून काढल्या. पगाऱ्यांना प्रत्येक वायर बाहेर येताना वाईट वाटत होतं म्हणे, आणि काका त्यांना सांगत होते की त्या काळी सगळ्यांनी असंच केलेलं, फक्त तुमचे जोड इतरांपेक्षा चांगले आहेत. घरी येऊन मला म्हणाले, "खोटं नाही बोललो ताई. जोड खरंच चांगले होते." त्यातला एकही तुकडा श्रीखंडाच्या डब्यात गेला नाही.

लग्न छान झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि मांडवातल्या लायटिंगवाल्याला काकांनी फक्त एकदाच बाजूला घेतलं. पाठवणीच्या वेळी काकू रडल्या, मी रडले. काका हॉलचा मेनस्विच बघत उभे होते.

त्यानंतर त्यांनी नवीन नेम धरला. पगाऱ्यांच्या बोर्डात त्यांनी एक ब्रेकर बसवलाय. करंट कुठे झिरपायला लागला की तो क्षणात सगळी लाइन तोडतो. त्यावर एक लहानसं बटण असतं, ब्रेकर जिवंत आहे का बघायचं. ते महिन्यातून एकदा दाबावं. ते दाबायला काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बसने कल्याण आणि तिथून रिक्षाने शहाडला जातात. गुडघा सुजलेला असतानाही गेले. मी म्हटलं, बटण तर प्रज्ञाही दाबेल. त्यावर खटक्याचा आवाज कानाने कसा ओळखायचा हे त्यांनी मला बराच वेळ समजावून सांगितलं.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. प्रज्ञाने स्टूल आणून ठेवलेलं होतं, तिच्या सासूने चहाचं आधण. टीव्ही चालू, मिक्सर चालू, पगारे मोठ्याने बातम्यांवर बोलत होते. काका स्टुलावर चढले आणि त्यांनी बटण दाबलं. खट् झालं. टीव्ही गेला, मिक्सर थांबला, पंखा हळूहळू थांबत गेला. पगारेही बोलायचे थांबले. घर एकदम शांत झालं.

काकांनी लगेच खटका वर केला नाही. बोर्डाकडेच तोंड ठेवून, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"हो पप्पा," प्रज्ञा म्हणाली. तिने स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं.

 मग काकांनी खटका वर केला आणि पंखा फिरू लागला.

"चालतंय," ते म्हणाले, आणि चहाला बसले.