कोंडवाड्यातली आकाशगंगा

आमच्या शेजारचे भुजंगभाऊजी पाहुण्याला नाव विचारत नाहीत. "गोठा कुठला?" म्हणतात. माझा नवा जावई बिचारा उठून उभाच राहिला. "मी लातूरला बँकेत आहे."

"ती दावण झाली. गोठा?"

"मुरुड."

"हां, मग बसा."

नांदेडच्या कोंडवाड्यावर जन्म गेला त्यांचा. मोकाट गाय आली की मालक म्हणून चौघं भांडायचे. भाऊजी तिला सोडून मागं मागं चालायचे. ती ज्या दारात थांबेल, तो मालक.

रिटायर झाल्यापासून कंप्युटरवर आभाळातली मोकाट जनावरं धरतात. म्हणजे काय, तर रेडिओच्या दुर्बिणीला धुरासारखे लांबच लांब पट्टे सापडतात. ते कुठल्या आकाशगंगेतून निघाले, हे हुडकायला शास्त्रज्ञांना माणसं पुरत नाहीत. मग हौशी लोक फोटो बघून सांगतात.

परवा दोन शेपट्यांच्या एका पट्ट्यावरून वाद पेटला. सगळ्यांनी शेजारच्या ठळक आकाशगंगेवर बोट ठेवलं. भाऊजी मात्र शेपट्या धरून उलटे गेले, ते एका मिणमिणत्या ठिपक्याशी जाऊन थांबले. निकाल रविवारी दुपारी, शास्त्रज्ञांच्या ऑनलाइन बैठकीत. चार दिवस माणूस धड जेवला नाही.

"अहो, चुकलं तर चुकलं," मी म्हटलं.

"एकदा वहीत चढलं की परत कोण बघतंय, वहिनी? जो लई वरडतो तो मालक नसतो."

रविवारी मीही शेजारी बसले. पडद्यावरच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "नवा, जास्त बारकाईचा फोटो आलाय." फोटो अर्धा उघडला अन् नेट अडकलं. भाऊजींनी भिंतीवरचं जुनं दावं काढून मुठीत आवळलं. मला वाटायचं, नोकरीची आठवण म्हणून टांगलंय.

नेट परत आलं तशा बाई म्हणाल्या, "काका, धार तुमच्याच ठिपक्यातून निघतेय!"

मी टाळ्या पिटल्या. भाऊजींनी मूठ उघडून दावं बघितलं.

"एक बांडी कालवड होती," ते म्हणाले. "दोनदा सोडली, दोनदा गोदावरीच्या पुलावर जाऊन थांबली. मुदत संपली, लिलाव झाला. दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या कंधारहून एक म्हातारी आली. हातात हे दावं. माझ्यापाशीच टाकून गेली."

त्यांनी दाव्याची गाठ चाचपली.

"पुलापलीकडं मी गेलोच न्हाई, वहिनी."

"चला, वरण गरम आहे."

"येतो," म्हणाले. दावं खिळ्याला अडकवलं, आणि पुढचा फोटो उघडला.