तिन्ही पोरी एकाच मांडवात

आमचे घरमालक मोघेकाका सकाळी रेडिओ लावून आधी अल्बेनियाची खुशाली ऐकत, मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघत.

मी तेव्हा मँचेस्टरला शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रबंधाचा विषय कुणाला विचारावा हेही कळत नव्हतं. काकांनी चहा गाळता गाळता विषय दिला. अल्बेनिया, क्रोएशिया आणि मॅसेडोनिया या तीन छोट्या देशांना पश्चिमेच्या बड्या लष्करी युतीत शिरायचं होतं. तिघांनी एकमेकांना धरून जायचं ठरवलं आणि मिळून डॉक्टरांचं एक पथकही अफगाणिस्तानात पाठवलं. काका स्वतः रिटायर झालेले डॉक्टर. पथकाची बातमी ऐकली आणि तिन्ही देश त्यांनी जवळजवळ दत्तकच घेतले.

"आपल्या पोरी एकाच मांडवात उजवायच्या," ते म्हणत. युती म्हणजे सासर. क्रोएशिया दिसायला बरी, तिचं कुठेही जमेल. अल्बेनिया कष्टाळू. मॅसेडोनिया सगळ्यात लाडकी, कारण कोपऱ्यावरचा न्हावी गोरान तिथला. डोक्यावर जेमतेम केस, तरी काका दर शनिवारी त्याच्याकडे जात.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, प्रबंधात सासर असं नाही लिहिता येणार."

"मग मार्क कमी पडतील," ते म्हणाले.

दोन हजार आठ साली निकाल लागला. दोघींना होकार आला. मॅसेडोनिया बाहेरच राहिली, कारण तिच्या नावावरच शेजारच्या ग्रीसचा आक्षेप होता.

"नावावरून?" काका म्हणाले. "माझं नाव इथे कुणाला धड घेता येत नाही. तरी घेतलंच ना मला."

मग त्यांनी पिठलं-भात केला, डब्यात भरला आणि मला घेऊन गोरानच्या दुकानात गेले. गोरानला बातमीच माहीत नव्हती; ती काकांनीच सांगितली आणि डबा पुढे केला.

"हे कशाला, डॉक्टर?"

"घरात कुणी गेलं की आमच्याकडे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भात आणून देतात."

"पण माझा देश मेला नाहीये. वेटिंग लिस्टवर आहे."

"आमच्या हॉस्पिटलात त्यात फार फरक नसायचा," काका म्हणाले. "जेव."

तो खुर्चीत बसून सगळं जेवला.

परतताना मी विचारलं, "काका, इथे कुणी असा डबा देतं?"

"तुझी काकू गेली त्या दिवशी मी जरा वाट बघितली होती," ते म्हणाले. "पण इथल्यांना कसं माहीत असणार? मग मीच उठून कुकर लावला."