कृपया बंद करा

भिंगरी दहावी आली तेव्हा मागे उभं राहून बघणारं एकही माणूस नव्हतं.

तशी शाळेतही ती दहावीतच होती, पण तिथला नंबर कोणी विचारू नये असा होता. इथली गोष्ट वेगळी. जुन्या व्हिडिओ गेमच्या या दुकानात, अगदी कोपऱ्यातल्या अवकाशयानाच्या मशीनवर दहा विक्रमवीरांची यादी होती. चार महिने दर रविवारी उल्का चुकवून चुकवून अंगठ्याला घट्टे पडल्यावर आज तिला एकतीस हजार चारशे पन्नास गुण मिळाले होते. मशीनने नाव विचारलं. नावाला जागा तीनच इंग्रजी अक्षरांची. तिने बी, एच, आय भरलं आणि यादीच्या तळाशी 'भि' लुकलुकायला लागली.

"दर रविवारी तिथे जाऊन करतेस तरी काय?" या घरच्या प्रश्नाला तिला तोंडी उत्तर द्यायचं नव्हतं, दाखवायचं होतं. म्हणून तर आज सगळ्यांना हट्टाने घेऊन आली होती. दुकानाचे मालक जेवायला गेले होते. मध्येच कोणी मशीन बळकावू नये म्हणून, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं, तिने आपलं जॅकेट मशीनवरच्या खिळ्याला अडकवलं आणि आईला बोलवायला धूम ठोकली.

आई आणि आत्या मोटारींच्या शर्यतीत बसल्या होत्या. आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. ती ताशी तीसच्या वेगाने चालली होती आणि उरलेल्या सात गाड्या तिला दुसऱ्यांदा मागे टाकत होत्या.

"आत्या, शर्यत आहे ती."

"वळणावर पुढे घुसणाऱ्यांचं काय होतं ते मी रोज शिकवते," आत्या म्हणाली. "जाऊ देत त्यांना."

"मागचा हॉर्न देतोय बघ," आईने सांगितलं.

दोघींना हाताला धरून भिंगरीने कोपऱ्यात आणलं. "आता डोळे मिटा. मिटलेत? उघडा."

पडदा काळाकुट्ट होता. शेजारी बाबा हात झटकत उभे होते.

"कोणी खेळत नव्हतं, नुसतंच चालू होतं," ते समाधानाने म्हणाले. "बंद केलं."

बाबा वीज कंपनीत घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. घरात पाणी प्यायला उठलेला माणूस परत यायचा तो अंधारात. इथेही आल्या आल्या ते मीटर बघायला गेले होते आणि त्याचा वेग बघून हबकून परतले होते.

"बाबा, ते कधीच बंद करायचं नसतं." भिंगरीचा आवाज चिरकला. "बंद केलं की यादी पुसली जाते."

"असं कसं? पाटी लावलीय की." बाबांनी बोट दाखवलं. कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'कृपया बंद करा-'.

भिंगरीने जॅकेट उचललं. खालच्या ओळीत होतं, 'यचे नाही'.



"रेघ दिसली होती मला," बाबा हळूच म्हणाले. "वाटलं, जोर द्यायला मारली असेल."

मशीन पुन्हा सुरू केलं. यादी आली, पण कोरी. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळीकडे ए, ए, ए आणि शून्य. सगळ्यात वर बावीस वर्षं ठाण मांडून बसलेला के. व्ही. डी., चौऱ्याऐंशी हजार सातशे, तोही गायब. त्याच्या नावाचा फलक दाराबाहेर टांगलेला होता. आणि भिंगरीची 'भि' तर चार मिनिटंसुद्धा जगली नव्हती.

"मी आले होते दहावी," ती म्हणाली. "खरंच आले होते."

"हो गं बाळा," आई म्हणाली. तिचं हे 'हो गं बाळा' सगळ्यात वाईट होतं. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायची असली की ती असंच म्हणायची.

"रडायचं काय त्यात?" बाबांनी बाह्या सारल्या. "मालक येईपर्यंत होते तेवढे गुण परत करून ठेवू. कसं खेळायचं ते सांग."

बाबांचं यान अकरा सेकंदांत फुटलं. गुण तीनशे चाळीस. पण यादी कोरी असल्यामुळे मशीनने तुतारी वाजवली, पडदाभर फुलबाज्या उडवल्या आणि त्यांना पहिला नंबर देऊन नाव विचारलं. बाबांना आयुष्यात कोणी तुतारी वाजवली नव्हती. भिंगरी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी बी, ए, बी भरून टाकलं.

"एक ए राहिला," ते हळहळले.

"सरका, मी करते बरोबर," आई म्हणाली. तिने पाचशे दहा केले. ए, ए, ए तयारच होतं, शेवटचं अक्षर बदललं की 'आई'. आत्या यान एका कोपऱ्यात उभं करून उल्का जायची वाट बघत राहिली आणि चारशे वीसवर गेली. ए, टी, आय भरून तीही यादीत.

"आत्या, आपण पुरावा पुसतोय की त्याच्यावर सह्या करतोय?" भिंगरीने डोक्याला हात लावला.

शेवटी तीच उभी राहिली. घाम पुसत, ओठ चावत एकोणतीस हजारांपर्यंत पोहोचली आणि यान फुटलं. मशीनने तुतारी वाजवली, आणि तुतारी थांबल्यावर मागून मालकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

त्यांनी यादी वाचली. भि, आई, अति, बाब.

"मी बंद केलं," बाबा म्हणाले.

"जॅकेट माझं होतं," भिंगरी म्हणाली.

"मी फक्त पाचशे दहा केले," आई म्हणाली.

मालक स्टुलावर बसले. "बावीस वर्षं," ते खोल आवाजात म्हणाले. "बावीस वर्षं हे मशीन एक क्षण बंद पडलेलं नाही."

बाबांनी मान तिरकी केली. मीटर नापास करताना करायचे तशीच.

"साहेब, मी एकवीस वर्षं वीज कंपनीत आहे. एवढ्या काळात या गल्लीतली वीज एकदाही गेली नाही?"

मालक पाटीकडे बघायला लागले.

"परवाच्या मंगळवारी पाच तास नव्हती," बाबा म्हणाले. "शिव्या मी खाल्ल्यात."

मालकांनी चष्मा काढला.

"के. व्ही. डी. हा एक पोस्टमन होता. पत्रं वाटून झाली की यायचा. विक्रम केला आणि महिन्याभरात बदली होऊन गेला. मग एकदा वीज गेली. मला वाटलं, हा कधी परत आला तर? म्हणून मीच खेळून त्याचे गुण परत भरले. तेव्हापासून वीज गेली की भरतो."

"आणि बाकीचे नऊ?" आत्याने विचारलं.

"एकटाच कसा दिसणार तो?"

"आला का कधी?" आईने विचारलं.

"अजून नाही."

भिंगरीच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. "काका, म्हणजे दहावे पण तुम्हीच होता? एकतीस हजार शंभर?"

"मीच."

"मग आज मी तुम्हाला हरवलं. एकतीस हजार चारशे पन्नास. पण बघितलं कोणीच नाही."

आई "हो गं" म्हणणार होती, तेवढ्यात मालकांनी हात वर केला.

"तीस हजारांच्या पुढे काय होतं?"

"पडदा जांभळा होतो," भिंगरी म्हणाली. "आणि उल्का खालून वर यायला लागतात. मी तर दचकलेच, यान जेमतेम वाचलं."

मालक उठून उभे राहिले. "हे कुठेही लिहिलेलं नाही. हे पाहिलेली माणसं दोन. तो पोस्टमन आणि मी." मग त्यांनी बोटं पुन्हा मोजली. "तीन."

आईने भिंगरीकडे बघितलं. आधी जरा बारीक डोळ्यांनी, मग नीट. "जांभळा?" तिने विचारलं. "सांग ना सगळं. पहिल्यापासून सांग."

भिंगरीने सांगितलं, हातवारे करून, एका दमात, आणि मध्ये कोणीही घड्याळाकडे बघितलं नाही.

"काका, आता तुम्ही खेळा," शेवटी ती म्हणाली. "पण तुमच्या नावाने."

मालक स्वतःच्या नावाने कधी खेळले नव्हते. त्यांनी बोटं मोडली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. यान चौथ्याच उल्केवर आपटलं. चारशे ऐंशी. आत्याच्या वर, आईच्या खाली.

"होतं असं," आई त्यांना समजावत म्हणाली. "सुरुवातीला माझंही तसंच झालं."

मालकांनी खिशातून दुसरं नाणं काढलं. "हिला पहिल्या नंबरवर इतक्या सुखाने बसू देणार नाही मी."

भिंगरीने त्यांच्यासाठी स्टूल जवळ ओढलं. आजवर तिच्याकडून कोणालाच काही हिसकावून घ्यावंसं वाटलं नव्हतं. ती त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि मनापासून म्हणाली, "डावीकडून या काका, डावीकडून. तिथे मोकळं आहे."