खंडूमामांची मेंढरं

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत पाण्याचा टँकर आल्याचं सगळ्यात आधी खंडूमामांना कळतं. गच्चीवर उभं राहून, कपाळाला आडवा हात लावून ते लांबवर उडालेली नुसती धूळ बघतात आणि ओरडतात, "आला रं!" मग सगळी गल्ली ड्रम घेऊन खाली. रांग जरा वाकडी झाली की मामा "हुर्रर्र" करून आम्हाला सरळ करतात. मी कचेरीत हेडक्लार्क आहे, चार माणसं मला वचकून असतात. पण त्या आवाजाला मीही निमूट कडेला सरकतो.

मामा मूळचे कन्नड तालुक्यातले. उभा जन्म मेंढरांमागं गेला. दुष्काळात गावचं तळं आटलं, तेव्हा कळप विकून ते वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाकडे राहायला आले. त्यांचं एकच पालुपद : "साफ दिसलं पाहिजे, सायब." मग तो डाळीतला खडा असो, नाहीतर माणसाचं मन.

गल्लीत मी कॉम्प्युटरवाला म्हणून ओळखला जातो. माझं ज्ञान 'बंद करून चालू करा' इथं सुरू होतं आणि तिथंच संपतं. पण एका संध्याकाळी मामा आलेच. "सायब, तुमच्या डब्यात आमचं गाव दिसतं म्हणं?"

मी ब्राउझरमध्ये नकाशा उघडून उपग्रहाचा फोटो लावला. गाव आलं, पण सगळं धूसर. मामा तरी हरखले.

"तळ्यात पाणी हाय! म्हंजी फोटू दुष्काळाच्या आधीचा. हे पांढरे ठिपके बगा, माजी मेंढरं. आन् बाजूला काळा ठिपका हाय ना? तो मी. खांद्यावर घोंगडी हाय."

मग ते रोज येऊ लागले. "जरा साफ करा की. चांदी कुटली ते तरी दिसंल." चांदी म्हणजे त्यांची लाडकी मेंढी.

मी स्क्रीन पुसली, इंटरनेटला शिव्या घातल्या, शेवटी म्हणालो, "मामा, डोळे तपासून घ्या."

"माजे? मंग टँकर कोन बगतं?"

मग मी कॉम्प्युटरची सेटिंग उघडून बघितली. दोष निघाला माझाच. चाळिशी उलटली तरी चाळिशी लावायची लाज, म्हणून मीच कधीतरी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी केलं होतं. अक्षरं मोठी झाली आणि चित्रं धूसर. तिथं योग्य आकड्यापुढं 'शिफारस केलेले' असं चक्क लिहिलेलं असतं. मला नोकरी शिफारशीवर लागली, पण या शिफारशीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मामांना समोर बसवून मी ऐटीत सेटिंग बदललं. "बघा आता तुमची चांदी!"

चित्र लख्ख झालं. पांढरे ठिपके म्हणजे दगड होते. काळा ठिपका म्हणजे एक झुडूप.

मामांनी खुर्ची मागं सरकवली. मग हळूच म्हणाले, "सायब, कालचंच बरं व्हतं."

मला स्वतःच्या हुशारीची चीड आली. मुकाट्यानं जुनं सेटिंग परत लावलं.

आता मी चाळिशी लावतो. मोठ्या अक्षरांची गरज उरलेली नाही, तरी सेटिंग तेच आहे. बायको विचारते, "चष्मा आला, मग स्क्रीन अजून अशी का?" मी काहीतरी थाप मारतो.

संध्याकाळी मामा येतात, खुर्ची पुढं ओढतात, काचेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून हलकेच बोट फिरवतात आणि म्हणतात, "हां. आता दिसतंय साफ."